दहा मोजेपर्यंत

बहिणीने सख्ख्या भावाला तुरुंगात घातलं, असं आमच्या गल्लीत आजही बोललं जातं. पूर्वीचा मी असतो तर बोलणाऱ्याचे दात घशात घातले असते. आता ऐकून घेतो. पण ते खोटं आहे. ताईने काय केलं आणि मी काय केलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या हेच तिचं आयुष्यभराचं काम होतं. म्हणून सांगायला बसलोय.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. अंगाने काडी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा खणखणीत की तिने घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "स्थळं मिळाली, मान्य झाली नाहीत." हा तिचा विनोद. तो कळायला तिचं काम माहीत असावं लागतं.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला होतो. रसायनांचं मोठं गोदाम. मी खाली, ट्रकमधून पिंपं उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम. ती वर, ऑफिसात. माल पाठवणारे कारखाने आणि आम्ही, यांच्यातला कागदांचा व्यवहार बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तेव्हापासून कोणता निरोप कुणी, कुणाला, कोणत्या क्रमाने पाठवायचा हे ठरवायचं काम तिच्याकडे. मागणी, होकार, 'माल निघाला', 'माल उतरला', 'थांबवा'. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर खाकी कागद डकवलेला असायचा. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते, मध्ये बाण. तिचा नियम एकच. इकडून गेलेल्या प्रत्येक बाणाला तिकडून परत येणारा बाण हवा, आणि तोही एक नाही, दोन. पहिला 'मिळालं'. दुसरा 'मान्य'. मिळालं म्हणजे निरोप पोचला, एवढंच. मान्य म्हणजे तो कुणा माणसाने वाचला, त्याला समजला, आणि तसं करायला तो बांधला गेला. प्रत्येक बाणाशेजारी ती एक छोटं घड्याळ काढायची, किती वेळ वाट पाहायची ते. आणि घड्याळाखाली लाल पेन्सिलीने एक फाटा: वेळ संपली आणि उत्तर आलंच नाही, तर काय?

"सरळ रस्ता सगळे काढतात," ती म्हणायची. "ह्या लाल फाट्याचा सगळ्यांना कंटाळा. आणि माणसं मरतात ती ह्याच फाट्यावर."

हमाल तिला पोचताई म्हणत. तिने वरून डबा खाली पाठवला तरी फोन करून 'मिळाला' असं सांगावं लागायचं, नाहीतर ती स्वतः जिना उतरून यायची. मीही तिची टिंगल करायचो. पण ती हे कुठे शिकली ते मला ठाऊक होतं. तिथे मीही होतो.

आमचे बाबा मारकुटे होते. मारायचा पट्टा खुंटीवर वेगळा टांगलेला असायचा. पँटला लावायचा दुसरा होता. आईला मारायचीही त्यांची एक पद्धत होती. आधी गुन्हा सांगायचे. आत्याला उलट बोललीस, दार उशिरा उघडलंस, शेजाऱ्याकडे बघून हसलीस. मग पट्टा मनगटाभोवती गुंडाळत म्हणायचे, "दहा मोजतो. बोलली नाहीस तर कबूल." आणि मोजायचे, शांतपणे, बोटांवर. आई मिठाची गुळणी धरून उभी. बोलली तर उलट बोलली म्हणून मार, नाही बोलली तर कबूल म्हणून. दहा झाले की पट्टा. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडायचे आणि सकाळी आईच ते ओल्या फडक्याने पुसायची. बाबा मात्र मारून झाल्यावर निवांत बसायचे. त्यांच्या मते त्यांनी अन्याय केलेलाच नसायचा. संधी दिली होती, तीच बोलली नाही.

ताई अकरा वर्षांची असताना एकदा बाबा सातवर पोचले आणि ती दोघांच्या मध्ये घुसून किंचाळली, "नाही! आईला कबूल नाही!" पट्टा फिरला तो तिच्या डाव्या कानावर. कानातून रक्त आलं, आणि त्या कानाने तिला पुढे कधीच ऐकू आलं नाही. तिचा तो खणखणीत आवाज त्या कानाची देणगी. पण त्यानंतर ती प्रत्येक वेळी ओरडली. कधी चारवर, कधी नऊवर. प्रत्येक वेळी मार खाल्ला. मी? मी पलंगाखाली.

मोठा झाल्यावर पलंगाखालून बाहेर आलो तो बाबांचा हात घेऊन. चिडलो की आधी हात उठायचा, तोंड नंतर उघडायचं. एका हमालाची बरगडी मोडली होती मी, दुसऱ्याचा जबडा. टोळी मला टरकून असायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

तर, एका ॲसिडच्या कारखान्याशी गोदामाचा नवा करार व्हायचा होता. निरोपांची देवाणघेवाण कशी होणार हे त्यात लिहिलेलं असतं, म्हणून ताई बैठकीला. करारातलं एक वाक्य वाचून तिने पेन खाली ठेवलं: चार तासांत उत्तर न आल्यास मान्य समजावे.

"दहा कोण मोजतंय?" तिने विचारलं.

"काय म्हणालात?" पलीकडचा साहेब गोंधळला.

"गप्प बसला म्हणजे कबूल, हे कुणी ठरवलं?"

"मॅडम, मशीन आहे. मशीन किती वेळ ताटकळणार?"

मागणीच्या निरोपांपुरती ती हरली. पण 'थांबवा' या एका निरोपावर मात्र ती हटून बसली. धोक्याच्या मालाला थांबवायचं असेल तर 'समजावे' चालणार नाही. तिच्या आवाजाला कंटाळून की काय, त्यांनी मानलं. माल उतरवायच्या धक्क्यावर भिंतीला एक पडदा लागला. 'थांबवा' आलं की तो टूं टूं करून कान किटवायचा. मुकादमाने हिरवं बटण दाबायचं: मिळालं. मग निरोप वाचून, आपला नंबर घालून पिवळं दाबायचं: मान्य. अर्ध्या तासात पिवळं आलं नाही, तर कारखान्यातल्या माणसाने फोन उचलून आमच्याशी बोलायचं. तिचा लाल फाटा फोनपाशी येऊन संपत होता. त्या दिवशी तिने मला चहा पाजला.

आता आमची अक्कल ऐका. हिरवं दाबलं की टूं टूं बंद व्हायचं. पिवळ्यासाठी हातमोजे काढा, चष्मा शोधा, वाचा, नंबर घाला. कोण करतंय? आम्ही हिरवं दाबून मोकळे. कधी मोज्याने, कधी कोपराने. एकजण तर ढुंगणाने दाबायचा आणि टोळी हसून लोळायची. मग अर्ध्या तासाने फोन यायचे. फोन आमच्या मॅनेजरला घ्यावे लागायचे. दोन महिन्यांत तो वैतागला, पलीकडचा साहेबही वैतागला, आणि दोघांनी मिळून ताईचा फाटा बदलून टाकला. हिरवं दाबल्यावर अर्धा तास कुणी काही बोललं नाही तर मान्य समजावे. फोन बंद.

ताईने लेखी विरोध केला. मॅनेजरने त्याच्यावर सही करून परत दिला.

"विरोध मिळाला," ती मला डबा खाताना म्हणाली. "मान्य झाला नाही." पण त्या वेळी ती हसत नव्हती.

पावणेदोन महिन्यांनी तो दिवस उजाडला. सकाळी दहा बेचाळीसला टूं टूं झालं. आमचा सामान वाहायचा सरकता पट्टा अडकला होता, मी आधीच तापलेलो. जाता जाता कोपराने हिरवं दाबलं आणि पट्ट्याला लाथ घातली. पडद्यावर काय लिहिलंय ते पाहिलंही नाही.

साडेअकराला ट्रक आला. ड्रायव्हर पन्नाशीचा, हडकुळा, कारखान्याचाही नाही आणि आमचाही नाही, भाड्याचा. खाली उतरून म्हणाला, "मुकादम, वळणांवर पिंपं वाजत होती. झाकणं सैल वाटतात मला. जरा बघून घ्या."

"तू गाडी हाक," मी म्हटलं. "माल आम्हाला शिकवू नकोस."

तो लांब जाऊन उभा राहिला. तिसरं पिंप उतरवताना झाकण उडालं. खाली आमचा लंबू होता. सहा फुटांचा, टोळीतला सगळ्यात थट्टेखोर, तो ढुंगणाने बटण दाबणारा. ॲसिड त्याच्या तोंडावरून छातीवर आलं. त्याचा शर्ट विरघळून कातडीत शिरला, आणि आम्ही पाणी ओतलं तसे दोन्ही एकत्रच सोलून निघाले. माणसाच्या घशातून तसा आवाज निघू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं तरी तो आवाज धक्क्यावरच राहिला होता.

मग कुणीतरी म्हणालं, "ह्या ड्रायव्हरला माहीत होतं! म्हणूनच लांब उभा राहिला!"

पंधराजण तुटून पडले. पहिल्या गुद्द्यालाच तो खाली गेला. जड बुटांच्या लाथा, पोटात, पाठीत, तोंडावर. तो हात जोडत होता आणि एकजण त्याच्या जोडलेल्या हातांवर नाचत होता. बोटं मोडल्याचं ऐकू आलं. मी मुकादम, मी थांबवायला हवं होतं. माझ्या हातात पिंपं ओढायचा लोखंडी हूक होता. मी तो फिरवला. एकदाच फिरवला असं वकिलाला सांगितलं होतं. दोनदा फिरवला. दुसऱ्यांदा तो डोळ्यात गेला.

लंबू तिसऱ्या दिवशी गेला. ड्रायव्हरचा उजवा डोळा काढावा लागला, आणि त्याच्या खाटेशी पोलीस बसला. कारण आमची कंपनी आणि तो कारखाना, करारातल्या एकेका शब्दावर अडून बसणारे, चोवीस तासांत एका सुरात बोलायला लागले होते. ड्रायव्हरने वाटेत चोरीसाठी पिंपं उघडली आणि झाकणं सैल बसवली. 'थांबवा' असा कुठलाही निरोप गेला नाही, कुठलाही आला नाही. लंबूच्या मरणाचा गुन्हा ड्रायव्हरच्या नावावर लागला. हूक कुणी मारला हे टोळीत कुणालाच दिसलं नव्हतं. ड्रायव्हरच्या डोळ्यांत रक्त होतं, त्यालाही दिसलं नव्हतं. मी सुटलो होतो.

चौथ्या दिवशी दुपारी ताई माझ्या खोलीवर आली. खुर्चीत बसली, पिशवीतून कागद काढले.

"दहा बेचाळीस," ती म्हणाली. "थांबवा. झाकणांचा साचा बिघडलेला, पिंपं उतरवू नका. पुढे: मिळालं, तुझी पाळी. अकरा वाजून बारा: मान्य. आणि मान्य करणाऱ्याच्या नंबराची जागा कोरी. सांग, हे कुणी मान्य केलं?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"घड्याळाने केलं," ती म्हणाली. "कारखान्याला वाटलं, तुम्ही माल थांबवला. म्हणून त्यांनी ड्रायव्हरला कळवलं नाही. झाकणं कारखान्यातूनच सैल आली होती, आणि ते दहा बेचाळीसला त्यांना माहीत होतं. त्या माणसाने एकही पिंप उघडलेलं नाही."

"जाळून टाक ते."

"तो दहा वर्षं आत जाईल रे."

"जाऊ दे! तुझा कोण लागतो तो? मी तुझा भाऊ आहे!"

"म्हणून आधी तुझ्याकडे आले. उद्या हे पोलिसांत देणार."

माझा हात उठला. आधी हात, मग तोंड, नेहमीप्रमाणे. चष्मा उडून भिंतीवर आपटला, ती खुर्चीसकट आडवी झाली. मी कागद हिसकावून फाडले. ती उठली, तोंडातलं रक्त तळहातावर थुंकलं. त्यात पुढचा एक दात होता. ती त्या दाताकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"मिळालं," ती म्हणाली. "मान्य नाही."

तसं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. मार खाऊन झाला की माणसं एकतर रडतात नाहीतर गप्प बसतात, हे मी घरी शिकलो होतो. माझा हात तसाच वर राहिला. ती चष्मा चाचपडत दारापाशी गेली आणि म्हणाली, "फाडलेत त्याच्या आणखी चार प्रती आहेत. हूक कुणाचा होता, ते मात्र मला माहीत नाही. मी वरून फक्त गर्दी पाहिली. तुला विचारते, कुणाचा होता?"

मी दातओठ खात उभा.

"ठीक आहे. मी दहा मोजणार नाही. तू गप्प बसलास म्हणून तुला कबूल आहे, असंही मी कुठे लिहिणार नाही. ते तुझं तू बोलायचं."

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या तोंडाने पोलीस ठाण्यात गेली. हवालदार म्हणाला, ठेवा इथे, बघतो. ती म्हणाली, आधी माझ्या प्रतीवर शिक्का द्या. तो देईना. ती बाकावर चार तास बसली आणि दर दहा मिनिटांनी त्या आवाजात "शिक्का!" म्हणत राहिली. शेवटी आतून साहेबच बाहेर आला आणि म्हणाला, द्या रे बाबांनो हिला शिक्का आणि घालवा.

कंपनीने तिला काढलं. बडतर्फीच्या पत्राखाली तिने लिहिलं, 'मिळाले. मान्य नाही', आणि तारीख टाकली. मग माझी टोळी तिच्या दारात गेली. भरदिवसा. खिडक्या फोडल्या, स्कूटर पेटवली, दारावर कुऱ्हाडीचे घाव घातले. मी कोपऱ्यावर उभा राहून पाहत होतो. पलंगाखाली आणि कोपऱ्यावर, यात फारसा फरक नसतो. आतून तिचा आवाज येत होता, "मान्य नाही! मान्य नाही!" आणि मला, तीस वर्षांचा घोडा झालेल्या मला, बाबांचे आकडे ऐकू येत होते. नंतर कळलं, घरात आलेले दगड तिने टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकावर खडूने तारीख आणि वेळ लिहिली.

ड्रायव्हर सुटला. कारखान्याचे दोघं आणि आमचा मॅनेजर अडकले. मीही अडकलो: निरोप घेऊन न वाचल्याबद्दल, आणि संशयावरून डोळ्याबद्दल. पण वकील माझ्यावर खूश होता.

"हिरव्या बटणाचं फार तर सहा महिने," तो म्हणाला. "डोळ्याला साक्षीदार नाही. न्यायाधीश दोन प्रश्न विचारतील. आरोप समजला का? समजला म्हण. मान्य आहे का? त्याला नाही म्हण, किंवा गप्प उभा राहा. गप्प राहिलास तरी तो नकारच धरतात. बाकी मी बघतो."

कोर्टात ड्रायव्हर पहिल्या बाकावर बसला होता. उजवी पापणी खोबणीत आत गेलेली. मोडलेली बोटं सरळ जुळलेली नव्हती. टोपी धरायलाही त्याला दोन्ही हात लागत होते. माझ्याकडे पाहत होता, पण ओळख नव्हती त्या डोळ्यात. ताई सगळ्यात मागे. पुढच्या दाताच्या जागी खिंडार.

आरोप वाचून झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "समजला का?"

"समजला."

"मान्य आहे का?"

वकिलाने माझ्याकडे न बघता मान किंचित हलवली. गप्प राहायचं, बस्स. ते मला जन्मापासून येत होतं. आणि माझ्या डोक्यात मोजणी सुरू झाली. एक. दोन. बाबांचा आवाज, तसाच शांत. तीन. चार. मी मागे वळून पाहिलं. ताईने मान फिरवून उजवा कान माझ्याकडे केला होता, चांगला कान. माझं उत्तर तिला ऐकायचं होतं, जे येईल ते. पाच. सहा. तिथे कुणीही बोटांवर मोजत नव्हतं, कुणाच्या मनगटाला पट्टा नव्हता. न्यायाधीश नुसते वाट पाहत होते. सात.

"मान्य आहे," मी म्हणालो. "हूक माझा होता. दोनदा मारला. बटणही मीच दाबलं. ताईचा दातही मीच पाडला, तो ह्या कागदात लिहायचा राहिलाय."

वकिलाने कपाळावर हात मारला. ड्रायव्हरच्या हातून टोपी पडली. न्यायाधीश विचारत होते, कुणाच्या दबावाखाली बोलताय का, पुन्हा विचार करा, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

ताईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. अकरा वाजून सात मिनिटं. मग चष्मा काढून ती रडायला लागली, तिच्या त्या आवाजात, की दाराबाहेरचा शिपाई काय झालं म्हणून आत डोकावला. कुणीतरी "शांतता" म्हणालं. ती काही शांत झाली नाही. आमच्या घरात एवढ्या मोठ्याने आजवर कुणी रडलंच नव्हतं.